थ्रेडांची अतिवृद्धी आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा कारभार



  विषय रूक्ष आहे. एखाद्या प्रोग्रामने मोठ्या संख्येने थ्रेड निर्माण करावयास आरंभ केला, म्हणजे ज्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आश्रयाने तो चालतो तिच्या कारभाराचे काय होते, एवढाच आजचा प्रश्न. परंतु ऑकलंड, हॅमिल्टन आणि वेलिंग्टन येथील आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची चूल संगणकाच्या धंद्यावर पेटत असल्यामुळे, आणि ज्यांची पेटत नाही त्यांच्याही बँकेचा, दवाखान्याचा, विमानाच्या तिकिटाचा व्यवहार अखेर याच यंत्रांतून होत असल्यामुळे, हा रूक्षपणा एका संध्याकाळपुरता आपण गोड मानून घ्याल अशी आशा आहे.

हा विषय निवडण्यास आणखी एक कारण आहे. ज्या न्यूझीलंड देशात आपण येऊन राहिलो त्याची लोकसंख्या पन्नास लाखांहून थोडीशीच अधिक. तरीही या देशातील दोन विद्यापीठांनी जगाला अशा दोन सॉफ्टवेअर प्रणाली दिल्या की आज पृथ्वीच्या पाठीवर क्वचितच एखादे विद्यापीठ असेल जेथे त्यांपैकी एकीचे तरी नाव ठाऊक नाही. ऑकलंडची ‘आर’ आणि हॅमिल्टनच्या वायकाटो विद्यापीठाची ‘वेका’. या दोहोंनी थ्रेडांच्या बाबतीत जो संयम पाळला, तो एकीने प्रकृतिधर्माने आणि दुसरीने समजूनउमजून पाळला असला तरी, आजच्या प्रश्नाची किल्ली त्या संयमात आहे असे माझे मत आहे.

प्रथम थ्रेड म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. जाणकारांनी क्षमा करावी. चालू असलेला प्रोग्राम म्हणजे प्रोसेस. तिला स्वतःची मेमरी असते, उघडलेल्या फाइली असतात, नेटवर्कवरील जोडण्या असतात. या एकाच मालमत्तेवर एकाच वेळी अनेक कामे चालवावयाची झाल्यास त्या प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड निर्माण करता येतात. प्रत्येक थ्रेडची मेमरी सामाईक, पण काम कोठपर्यंत आले याची नोंद आणि तात्पुरत्या टिपणाची जागा, जिला स्टॅक म्हणतात, ती मात्र ज्याची त्याची निराळी. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा जो कर्नल, त्याची स्थिती एखाद्या जुन्या मामलेदार कचेरीसारखी आहे: कारकून कितीही नेमले तरी दप्तर लिहिण्याच्या चौक्या मोजक्याच, आणि प्रत्येक चौकी म्हणजे प्रोसेसरचा एक कोअर. चार चौक्या आणि चार कारकून असले म्हणजे काम सुरळीत चालते. चार चौक्या आणि आठ कारकून असले, आणि त्यांतले चारजण दुसऱ्या खात्याच्या उत्तराची वाट पाहत बाहेर उभे असले, तरीही चालते. किंबहुना अधिक चांगले चालते, कारण चौकी कधी रिकामी राहत नाही. परंतु चार चौक्यांपाशी चार हजार कारकून लेखणी सरसावून उभे राहिले, म्हणजे कारभाराचा मुख्य भाग दप्तर लिहिणे हा न राहता कोणाला उठवावे आणि कोणाला बसवावे हा होऊन बसतो.

या उठवण्या-बसवण्याचा खर्च कोणकोणत्या सदराखाली पडतो, ते आता पाहू.

पहिला खर्च जन्माचा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर एक नवा थ्रेड निर्माण करण्यास सामान्यतः दहा-वीस मायक्रोसेकंदांच्या घरात वेळ जातो. हा वेळ क्षुद्र दिसतो. आणि थ्रेडला मिळालेले काम जर काही सेकंद चालणारे असेल तर तो क्षुद्रच आहे. पण कित्येक प्रोग्राम असे लिहिलेले असतात की पाच मायक्रोसेकंदांच्या कामासाठी नवा थ्रेड जन्मास घालावा, त्याच्याकडून तेवढे काम करून घ्यावे आणि त्याला मूठमाती द्यावी. तेथे बारशाचा खर्च आयुष्याच्या मिळकतीहून मोठा होतो. शिवाय जन्माच्या वेळी स्टॅकसाठी जागा आखून घ्यावी लागते, आणि प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा सर्व थ्रेडांना सामाईक असल्याने तो बदलताना त्यावर कुलूप लावावे लागते. एकाच वेळी पन्नास ठिकाणांहून थ्रेड निर्माण होऊ लागले की पन्नासहीजण त्या एका कुलपापाशी तिष्ठत बसतात. मृत्यूचा खर्चही आहेच: जागा परत करताना इतर कोअरांनी आपापल्याजवळ जपून ठेवलेले पत्त्यांचे उतारे रद्द करावेत म्हणून त्यांना काम थांबवून कळवावे लागते. सी भाषेची लिनक्सवरील लायब्ररी मेलेल्या थ्रेडांचे काही स्टॅक राखून ठेवते आणि नव्यांना तेच देते, त्यामुळे हा खर्च पुष्कळ आटोक्यात राहतो. पण राखीव साठ्यालाही मर्यादा आहे.

दुसरा खर्च जागेचा, आणि येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. लिनक्सवर एका थ्रेडच्या स्टॅकला सहसा 8 मेगाबाइटची जागा आखली जाते. एक लाख थ्रेडांचा हिशेब केला तर आठशे गिगाबाइटच्या आसपास आकडा येतो आणि ऐकणारा दचकतो. वस्तुतः ही जागा केवळ नकाशावरची असते; थ्रेडने जेवढ्या पानांना, म्हणजे मेमरीच्या ठरावीक तुकड्यांना, स्पर्श केला तेवढीच प्रत्यक्ष मेमरी खर्ची पडते. दचकावयाचेच झाले तर ते निराळ्या कारणासाठी. कर्नल प्रत्येक थ्रेडमागे स्वतःच्या उपयोगासाठीही एक छोटा स्टॅक राखतो. नेहमीच्या 64 बिटांच्या इंटेल-जातीच्या यंत्रावर तो 16 किलोबाइटचा असतो, आणि तो खरोखरीच्या मेमरीत असतो, डिस्कवर ढकलता येत नाही. एक लाख थ्रेड म्हणजे एवढ्या एका सदराखाली दीड गिगाबाइटहून अधिक मेमरी कायमची गुंतली. त्यात मेमरी वाटून देणारी लायब्ररी, थ्रेडांची आपसात टक्कर होऊ नये म्हणून, निरनिराळी कोठारे उघडते. कोअरांच्या संख्येच्या आठपटीपर्यंत ती वाढू शकतात, आणि प्रत्येक कोठारात थोडी थोडी शिल्लक अडकून पडते. “प्रोग्राम गळतो आहे” अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला पुष्कळदा हे समजावून सांगावे लागते की गळत काही नाही, कोठारेच फार झाली आहेत.

तिसरा खर्च पाळ्यांचा, आणि तो सर्वांत मोठा असूनही हिशेबात सर्वांत कमी दिसतो. एका थ्रेडला उठवून दुसऱ्याला बसवण्यास कर्नलला प्रत्यक्ष जो वेळ लागतो तो साधारण एक-दोन मायक्रोसेकंद. पण उठलेल्या थ्रेडने प्रोसेसरच्या निकट असलेल्या कॅशे मेमरीत आपल्या कामाची जी माहिती आणून ठेवली होती ती नव्याच्या कामाची नसते. नवा येतो तो आपली माहिती दूरच्या मुख्य मेमरीतून पुन्हा ओढून आणतो, आणि ती जमते न जमते तोच त्याची पाळी संपते. 2007 पासून 2023 पर्यंत लिनक्समध्ये पाळ्या लावणारा जो शेड्यूलर मुख्यत्वे नांदत होता त्याचा शिरस्ता असा, की ठरावीक अवधीच्या आत प्रत्येकाला एकदा तरी पाळी मिळावी. परंतु पाळी एका किमान मर्यादेपेक्षा लहान होऊ नये. थोडे थ्रेड असतात तोवर दोन्ही नियम एकत्र नांदतात. संख्या वाढली की पहिला नियम मोडतो आणि फेरीच लांबत जाते. मग ज्याला उत्तर तातडीने द्यावयाचे आहे त्या थ्रेडलाही हजार जणांच्या रांगेतून यावे लागते. याहून अनिष्ट प्रकार म्हणजे, एखादे कुलूप हातात असलेल्या थ्रेडचीच पाळी नेमकी संपावी आणि तो रांगेच्या मागे जावा, व त्या कुलपाची वाट पाहणारे शेकडो थ्रेड एकामागून एक जागे होऊन, कुलूप बंद पाहून पुन्हा झोपी जावेत. अशा वेळी यंत्र शंभर टक्के कामात आहे असे मोजमाप दाखवते. काम मात्र पुढे सरकलेले नसते. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी 1968 साली मेमरीच्या संदर्भात याच स्वरूपाच्या अवस्थेचे विवेचन केले होते: सगळी शक्ती आणण्या-नेण्यात संपते आणि मुख्य काम तसेच पडून राहते.

याचा अर्थ असा नव्हे की ऑपरेटिंग सिस्टिमने या बाबतीत काही केले नाही. लिनक्सची जुनी थ्रेड-व्यवस्था फारच अशक्त होती. उलरिख ड्रेपर आणि इंगो मोल्नार यांनी जी नवी व्यवस्था सिद्ध केली आणि 2003 च्या सुमारास जी प्रचारात आली, तिच्या चाचणीत एक लाख थ्रेड निर्माण करून संपवण्यास दोन सेकंद लागले. जुन्या व्यवस्थेत त्याच कामाला पंधरा मिनिटांच्या आसपास लागत. ही प्रगती असामान्य होती यात संशय नाही. पण माझ्या मते तिचा एक अनिष्ट परिणाम असा झाला की थ्रेड स्वस्त झाला हे प्रोग्रामरांच्या कानी पडले, आणि कोअर स्वस्त झालेला नाही हे पडले नाही.

आता ऑकलंडकडे येतो.

ऑकलंड विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी, विद्यार्थ्यांच्या मॅकिंटॉश प्रयोगशाळेत शिकवण्याजोगी चांगली प्रणाली मिळत नाही या साध्या अडचणीतून, स्वतःच एक लहानशी भाषा लिहावयास घेतली. बेल प्रयोगशाळेतील ‘एस’ या भाषेचे बाह्य रूप आणि ‘स्कीम’ या भाषेचे अंतरंग यांचा तिच्यात संयोग होता. ऑगस्ट 1993 मध्ये तिच्या प्रती इतरांसाठी ठेवल्या गेल्या. झुरिकचे मार्टिन मेक्लर यांच्या आग्रहावरून जून 1995 मध्ये तिचा मूळ कोड मुक्त परवान्याखाली खुला झाला. आणि 29 फेब्रुवारी 2000 रोजी तिची 1.0.0 ही आवृत्ती निघाली. रॉयल सोसायटी ऑफ न्यूझीलंडने 2008 साली इहाका यांना पिकरिंग पदक देऊन या कार्याचा गौरव केला.

ज्या वर्षी ‘आर’चा कोड खुला झाला त्याच 1995 साली युनिक्स-जातीच्या प्रणालींसाठी थ्रेडांचे सर्वमान्य प्रमाणक प्रसिद्ध झाले, हा योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे, कारण ‘आर’ची घडण ज्या काळात झाली त्या काळी शिक्षकाच्या टेबलावरील यंत्रात कोअर एकच असे, आणि अनेक थ्रेडांनी एकाच वेळी भाषेचा अर्थ लावावा ही गरजच कोणास भासत नव्हती. परिणामी ‘आर’चा मूल्यांकक, म्हणजे भाषेचा अर्थ लावणारा भाग, एकाच थ्रेडमध्ये चालतो. त्याची आतली नोंदवही एक, मेमरीची सफाई करणारी यंत्रणा एक, आणि दुसऱ्या कोणी थ्रेडने तेथे हात घालावयाचा नाही असा सक्त बंदोबस्त. पुढे यंत्रांत चार, आठ, छत्तीस कोअर आले तेव्हा हा बंदोबस्त मागासलेपणाचे लक्षण ठरवला गेला, आणि त्या टीकेत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. स्वतः इहाकांनी 2008 साली डंकन टेंपल लँग यांच्यासह लिहिलेल्या निबंधात ‘लिस्प’च्या पायावर नवी प्रणाली उभारण्याचा पक्ष मांडला. निर्मात्यानेच आपल्या कृतीबद्दल इतके परखड बोलावे हे विद्येच्या प्रांतात दुर्मीळ आहे.

परंतु या एकथ्रेडी स्वभावाचा एक लाभही झाला. ज्याला काम वाटावयाचे असेल त्याला ते उघडपणे, संख्या सांगून वाटावे लागले. ऑक्टोबर 2011 च्या 2.14.0 या आवृत्तीपासून ‘आर’मध्ये ‘पॅरलल’ हे पॅकेज समाविष्ट झाले. त्याचा एक भाग सायमन अर्बानेक यांच्या ‘मल्टिकोअर’ या पॅकेजातून आलेला आहे. पद्धत अशी की चालू असलेल्या ‘आर’च्या प्रोसेसची हुबेहूब प्रतिकृती काढावयाची आणि प्रत्येक प्रतिकृतीला कामाचा वाटा द्यावयाचा. मेमरीची प्रत लगेच काढली जात नाही. दोघे एकच पान वाचतात, आणि जो त्यावर लिहील त्याच्यासाठी तेवढे पान निराळे होते. व्यवस्था सुरेख आहे, पण तिला एक खोच आहे: ‘आर’ची सफाई-यंत्रणा प्रत्येक वस्तूच्या माथ्यावर खूण करत जाते, आणि खूण करणे म्हणजे लिहिणेच असल्याने सफाईची पहिली मोठी फेरी झाली की जी पाने सामाईक राहतील असे वाटत होते ती भराभर निराळी होऊ लागतात. चाळीस प्रतिकृती काढणाऱ्याची मेमरी अशा वेळी दुपारपर्यंत पुरून संध्याकाळी का संपली, याचा उलगडा पुष्कळदा येथे होतो.

आणि आता मी ज्या दृश्याकडे आपले लक्ष विशेष वेधू इच्छितो तेथे येऊन पोचलो. 2018 साली न्यूझीलंड ई-सायन्स इन्फ्रास्ट्रक्चर या संस्थेच्या संशोधकांसाठी वेलिंग्टनच्या ग्रेटा पॉइंट येथे दोन मोठी यंत्रे उभी राहिली. एकाचे नाव माउई आणि दुसऱ्याचे महुइका. माओरी पुराणकथेत महुइका ही अग्नीची देवता; तिच्या नखांत अग्नी, आणि माउई एकामागून एक नख मागून नेतो व विझवून पुन्हा मागावयास येतो, तो देवीचा कोप होईपर्यंत. नावे ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते ते असो. सामाईक यंत्रावर काम करणाऱ्या संशोधकांचा स्वभाव त्या कथेत उतरला आहे असे मला नेहमी वाटते.

महुइकाच्या तेव्हाच्या सामान्य नोडवर, म्हणजे तिच्यातील एका संगणकावर, 36 कोअर असत, आणि प्रत्येक कोअर दोन मानला तर ऑपरेटिंग सिस्टिमला 72 दिसत. समजा, एखादा संशोधक कामवाटप करणाऱ्या ‘स्लर्म’ या प्रणालीकडे 4 प्रोसेसर मागतो, आणि त्याला ते मिळतात. त्याच्या ‘आर’ प्रोग्रामात मात्र, घरच्या लॅपटॉपवर लिहिताना घातलेली एक ओळ तशीच राहिलेली असते: यंत्रात किती कोअर आहेत ते मोज, आणि तितक्या प्रतिकृती काढ. मोजणारे फंक्शन यंत्राकडे पाहते, परवानगीकडे पाहत नाही. ते 72 म्हणून सांगते. चार प्रोसेसरांवर 72 प्रतिकृती दाटीवाटीने उभ्या राहतात. पुढे प्रत्येक प्रतिकृती मॅट्रिक्सचा गुणाकार करावयास बीजगणिताच्या लायब्ररीकडे जाते. ती लायब्ररी परवानगी पाहणारी, म्हणजे त्यातल्या त्यात सुसंस्कृत असली, तरी आपल्याला चार प्रोसेसर उपलब्ध आहेत असे पाहून चार थ्रेडांनिशी काम करते. बहात्तर गुणिले चार, दोनशे अठ्ठ्याऐंशी. ‘टॉप’ हा प्रोग्राम उघडून पाहावे तर प्रत्येक प्रतिकृतीच्या नावासमोर पाच-सहा टक्के प्रोसेसर, यंत्राचा भार शेकड्यांत, आणि तासाभरात संपावयाचे काम रात्रभर रेंगाळते आहे. या प्रकरणात दोषी कोण म्हणून कैफियत मागवली तर प्रत्येकजण निर्दोष सुटेल: संशोधकाने कोअर मोजले, लायब्ररीने कोअर मोजले, स्लर्मने दिले तेवढेच दिले. एकाने घेतलेला निर्णय दुसऱ्याला ठाऊक नव्हता, एवढेच. आणि अशा निर्णयांची बेरीज होत नसते, गुणाकार होतो.

उपाय दोन ओळींचा आहे. प्रतिकृतींची संख्या स्लर्मच्या परवानगीवरून घ्यावी, आणि लायब्ररीच्या थ्रेडांची संख्या त्यासाठी नेमलेल्या पर्यावरण-चलातून एक अशी बांधून द्यावी.

हॅमिल्टनची ‘वेका’ या बाबतीत मला अधिक शहाणी वाटते. वायकाटो विद्यापीठात इयन विटन आणि त्यांचे सहकारी यांनी 1993 च्या सुमारास आरंभलेली ही यंत्र-अध्ययनाची प्रणाली 1997 पासून ‘जावा’त नव्याने लिहिली गेली. ‘जावा’त थ्रेड निर्माण करणे हे सुरुवातीपासूनच दोन ओळींचे काम असल्याने मोह तेथे सर्वांत मोठा होता. ‘रँडम फॉरेस्ट’ नावाची पद्धत घ्या: तिच्यात शंभर निर्णयवृक्ष एकमेकांशी संबंध न ठेवता वाढवावयाचे असतात. नवशिक्या प्रोग्रामर प्रत्येक वृक्षास एक थ्रेड देईल. ‘वेका’मध्ये तसे नाही. तेथे ‘नम-स्लॉट्स’ नावाचा एक पर्याय आहे. आपण जेवढा आकडा द्याल तेवढेच थ्रेड नेमले जातात, उरलेले वृक्ष रांगेत थांबतात, आणि जो थ्रेड मोकळा होईल तो रांगेतला पुढचा वृक्ष उचलतो. वृक्ष शंभर असोत वा हजार, थ्रेड तेवढेच. कोणताच आकडा दिला नाही तर तो एक धरला जातो. शून्य दिले तर ‘वेका’ यंत्रातील कोअर मोजून तितके थ्रेड घेते. म्हणजे सगळे यंत्र व्यापावयाचे असेल तर तशी इच्छा लेखी नोंदवावी लागते. न विचारता सर्व कोअर बळकावणाऱ्या लायब्ररींचा सुळसुळाट झालेल्या आजच्या काळात ही सभ्यता उठून दिसते. या सभ्यतेपायी काहीजणांचे काम विनाकारण मंद चालत असेल, कारण पर्याय आहे हेच त्यांना ठाऊक नसते. तेवढे नुकसान मी पत्करीन.

मर्यादा न जाणता थ्रेड वाढवण्याचा परिणाम किती दूरवर पोचतो याचे उदाहरण या देशाबाहेरचे असले तरी त्याची वेळ आपल्या घड्याळात सांगता येते. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात ‘किनेसिस’ नावाची सेवा चालते. माहितीचा अखंड ओघ तिच्यातून वाहतो. न्यूझीलंडच्या वेळेप्रमाणे 25 नोव्हेंबर 2020 च्या रात्री 11:44 वाजता त्या सेवेच्या दर्शनी सर्व्हरांच्या ताफ्यात थोडी भर घालण्यास सुरुवात झाली. या सर्व्हरांची रचना अशी होती की प्रत्येक सर्व्हर ताफ्यातील दुसऱ्या प्रत्येक सर्व्हरशी बोलण्यासाठी एकेक थ्रेड बाळगी. ताफ्यात एक सर्व्हर वाढला की प्रत्येकावर एकेक थ्रेड वाढावयाचा. भर घालून झाली, आणि सर्व सर्व्हर एकाच वेळी ऑपरेटिंग सिस्टिमने घालून दिलेली थ्रेडांची कमाल मर्यादा ओलांडते झाले. काम हलके व्हावे म्हणून आणलेल्या मदतीनेच सगळ्यांचे हात बांधले गेले. रात्री सव्वादोन वाजता धोक्याचे इशारे वाजू लागले. आरंभी मेमरी अपुरी पडते आहे असा संशय होता, आणि खरे कारण निश्चित होण्यास त्यानंतर चार तासांहून अधिक काळ लागला. मर्यादाच वाढवून टाकावी असा मोह होणे साहजिक होते. पण पुरेशी परीक्षा केल्याखेरीज ती वाढवू नये असे तेथील अभियंत्यांनी ठरवले, आणि माझ्या मते त्या दिवसातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच होता. वाढीव सर्व्हर काढून घेतले, आणि बाकीचे तासाला काही शेकडे या संथ गतीने पुन्हा सुरू करत नेले. सेवा पूर्ववत झाली तेव्हा आपल्याकडे 26 तारखेचे सायंकाळचे 7:23 वाजले होते. ‘किनेसिस’वर अवलंबून असलेल्या इतर सेवांनीही त्या काळात मान टाकली होती. पुढचा तातडीचा उपाय म्हणून कंपनीने जाहीर केले ते असे: मोठ्या प्रोसेसरांचे आणि अधिक मेमरीचे, पण संख्येने थोडे सर्व्हर वापरावयाचे, म्हणजे प्रत्येकावरील थ्रेड आपोआप घटतील.

थ्रेडांची मर्यादा भरते तेव्हा यंत्र कसे दिसते, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांना सांगतो. लिनक्स प्रत्येक थ्रेडला प्रोसेससारखाच एक क्रमांक देतो. पुष्कळ यंत्रांवर दीर्घ काळ या क्रमांकांची प्रचलित मर्यादा 32,768 होती. एका बेफाम प्रोग्रामने वाट्याचे सगळे क्रमांक गिळले, म्हणजे त्याच वापरकर्त्याच्या नावाने नवीन काहीच सुरू होत नाही. फाइलींची यादी पाहावयास साधी आज्ञा द्यावी तर ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ असे नम्र उत्तर येते, कारण ती आज्ञाही एक नवी प्रोसेसच असते. अशा वेळी आधीपासून उघडी असलेली एखादी टर्मिनलची खिडकी असेल तर तिचे मोल फार. कारण ‘किल’ ही आज्ञा बॅश शेलच्या पोटातच असते, तिला नवी प्रोसेस लागत नाही. ती तशी ठेवण्यामागे हाही प्रसंग योजणाऱ्यांच्या मनात होता. ही खिडकी बंद करू नका, एवढे तरी आपल्यापैकी तरुणांनी येथून घेऊन जावे.

अलीकडे या प्रश्नावर दुसऱ्या बाजूने तोड काढली गेली आहे. ‘गो’ भाषेतील गोरूटीन अवघ्या दोन किलोबाइटच्या स्टॅकनिशी जन्मास येते, आणि सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या ‘जावा’च्या 21 व्या आवृत्तीत आभासी थ्रेड रूढ झाले. दोन्हीकडे लाखो कामे भाषेच्या पातळीवर नोंदली जातात, आणि ऑपरेटिंग सिस्टिमला प्रत्यक्षात कोअरांच्या संख्येच्या आसपासचेच थ्रेड दिसतात. नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहत बसणारी कामे पुष्कळ असतील तेथे ही व्यवस्था उत्तम आहे. ज्या कामांना वाट पाहावयाची नसून आकडेमोडच करावयाची आहे, त्यांना तिचा काडीइतका उपयोग नाही. छत्तीस कोअरांवर छत्तीसच आकडेमोडी एका क्षणी चालतील, मग नावे लाख असोत. डेटाबेसच्या जोडण्यांसारखी जी वस्तू मोजकीच असते, तिच्या दाराशी तर हे लाखजण आता अधिकच वेगाने येऊन थडकतात, आणि तेथे पुन्हा मर्यादा घालावीच लागते.

आपल्यापैकी जी मुले-मुली या धंद्यात आहेत त्यांना माझी एक विनंती आहे. सोमवारी कचेरीत गेल्यावर आपला प्रोग्राम चालू असलेल्या यंत्रावर ‘टॉप’ उघडा, ‘एच’ हे मोठे अक्षर दाबा, म्हणजे प्रोसेसऐवजी थ्रेड दिसू लागतील. त्यांची संख्या कोअरांच्या संख्येशी ताडून पाहा. तफावत मोठी असेल तर इतके थ्रेड कोणत्या लायब्ररीने, कोणाच्या परवानगीने निर्माण केले याचा शोध घ्या, आणि जो आकडा योग्य ठरेल तो प्रोग्रामच्या सेटिंगांच्या फाइलीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवा.